गोल्फचें मैदान आणि उंच गवत

पुण्याहून सोलापूरच्या गाडीनें निघालें म्हणजे उरुळी, यवत, केडगांव, पाटस अशीं स्टेशनें मागें टाकीत आपण दौंडास पोंचतों. नगरच्या रस्त्यानें गेलें तर कोरेगांव, शिक्रापूर, रांजणगांव करीत घोडनदीच्या कांठीं शिरूरास येतों. या दोन्ही वाटांवर जेथें पाटाचें पाणी चढलें आहे तेथें ऊंस दिसतो, आणि जेथें तें चढत नाहीं तेथें माळ दिसतो. पाऊस वीस इंचांच्या आगेमागें. त्यावर जें गवत उगवतें त्यांत कुसळी गवताचें राज्य मोठें. कार्तिकाच्या सुमारास तें पिकलें म्हणजे त्याचीं कुसळें धोतरास, पायमोजांस आणि मेंढरांच्या लोकरीस चिकटतात. या कुसळाची करामत अशी कीं, दमट हवेंत त्याचा पीळ सुटतो व कोरड्या हवेंत तो पुन्हां बसतो, आणि या उलगडण्या-वळण्यानें त्याचें अणकुचीदार टोंक कापडांत किंवा कातडींत आंत आंत शिरत जातें. म्हणून शहाणा धनगर पिकल्या कुसळींतून कळप नेत नाहीं. चार पावलें अधिक चालतो, परंतु वळसा घालून जातो.

आज मला ज्या खेळाविषयीं बोलावयाचें आहे त्यांत रीत याच्या अगदीं उलट आहे. तेथें वाटेच्या दोन्ही अंगांस मुद्दाम उंच गवत वाढवितात, त्यास खतपाणी घालतात, पट्टी लावून त्याची उंची मोजतात, आणि जगांतल्या निवडक खेळाडूंस सांगतात कीं, वाट चुकलांत तर यांतून निघून दाखवा. हा खेळ म्हणजे गोल्फ, आणि त्या गवतास गोल्फचे लोक रफ म्हणतात. शिरूर-दौंडाचा माळ मीं येथें घेतला तो गवतासाठीं, खेळासाठीं नव्हे. खेळ पाहावयाचा तर पुण्यांत येरवड्याच्या मैदानावर जावें.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं चार शब्द. गोट्या खेळतांना मुलें जमिनींत खळगा करतात आणि गोटी त्यांत घालावयास पाहतात. गोल्फचा गाभा तोच आहे. फरक इतकाच कीं खळगा चारपांचशें यार्डांवर असतो, आणि असे अठरा खळगे एकामागून एक घ्यावयाचे असतात. खळग्याचा व्यास सव्वाचार इंच. तो १८९१ सालीं ठरला आणि अद्याप बदलला नाहीं. ज्या उंचवट्यावरून पहिला फटका मारतात ती टी, खळग्याभोंवतालचें गालिच्यासारखें बारीक कापलेलें गवत तें ग्रीन, आणि या दोहोंच्या मधला जो कापून मोकळा ठेवलेला पट्टा, तो फेअरवे. फेअरवेच्या बाहेर पाऊल पडलें कीं रफ सुरू होते. प्रत्येक खळग्यास चांगल्या खेळाडूनें किती फटके घ्यावेत याचा आंकडा ठरलेला असतो, त्यास पार म्हणतात. ज्याचे फटके कमी तो जिंकला. यापलीकडे नियमांचें पुस्तक जाडजूड आहे, पण घरीं बसून ऐकणारास एवढें पुरे.

आतां गवताकडे वळूं. उष्ण देशांतल्या गोल्फच्या मैदानांवर जें गवत सर्वांत अधिक लावतात त्यास पाश्चात्त्य लोक बर्म्यूडा गवत म्हणतात. नांव ऐकून तें कोठल्या तरी बेटावरून आणलेलें असावें असें वाटतें. पण वनस्पतिशास्त्रांत ज्यास सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात तें हें गवत म्हणजे आपली हरळी, म्हणजेच दूर्वा. रांजणगांवच्या महागणपतीस जी जुडी वाहतात तीच. देवघरांत जिला मान आहे तिला शेतांत मात्र कोणी उभी राहूं देत नाहीं. भीमेच्या कांठच्या काळ्या रानांत कुंदा आणि हरळी यांच्या मागें लागून शेतकऱ्यांच्या पिढ्या दमल्या. एक कांडें मातींत राहिलें तरी पुढच्या पावसास त्याची जाळी होते. जो चिवटपणा शेतकऱ्यास नकोसा होतो, तोच गोल्फच्या माळ्यास हवा असतो. अगदीं बारीक कापली तरी ती मरत नाहीं, म्हणून तिचे निवडक वाण ग्रीनवर चालतात. आणि कापणें थांबविलें कीं तीच ताठ काड्यांची, गुंतागुंतीची रफ होते. तिच्यांत चेंडू पडला म्हणजे पात्यांवर तरंगत राहत नाहीं, काड्यांच्या मधून घसरून थेट बुडाशीं जाऊन बसतो. वरून पाहणारास तो दिसतही नाहीं.

पण चेंडू बुडाशीं गेला तर असें काय बिघडलें? बलवान् मनुष्य जोरानें काठी मारील आणि गवतासकट चेंडू उडवून देईल, असें आपणांस वाटेल. येथें या खेळांतली खरी गोम आहे. चेंडू मोकळ्या फेअरवेवर असला म्हणजे काठीचें लोखंडी तोंड प्रथम चेंडूस भिडतें. त्या तोंडावर आडव्या खांचा कोरलेल्या असतात. त्यांमुळें चेंडूस उलटी फिरकी मिळते; फिरकीनें तो हवेंत वर चढतो, आणि ग्रीनवर उतरल्यावर एक-दोन उड्या मारून जागच्या जागीं थांबतो. धंदेवाईक खेळाडूची सारी विद्या या थांबण्यांत आहे. दीडशें यार्डांवरून चेंडू लांब मारणें हें कोणाही तगड्या तरुणास जमेल. तो पांच हातांच्या आंत थांबविणें हें ज्यास जमतें त्याचेंच पोट या खेळावर भरतें.

गवतांत असलेल्या चेंडूस मारतांना काठीचें तोंड आणि चेंडू यांच्यामध्यें गवताचीं पातीं सांपडतात. पातीं ओलीं असतात, चिरडलीं म्हणजे त्यांतून रस निघतो, खांचा त्यानें भरतात आणि फिरकी नाहींशी होते. दोन-तीन इंचांच्या रफमधून चेंडू बाहेर येतो खरा, पण फिरकी नसल्यामुळें तो अपेक्षेपेक्षां लांब जातो, आणि ग्रीनवर पडून पलीकडे पळत सुटतो. किती लांब जाईल हें आधीं सांगतां येत नाहीं. कधीं दहा यार्ड अधिक, कधीं वीस, कधीं मुळींच नाहीं. गवत पांच इंचांचें असलें तर गोष्ट निराळी. तेथें पातीं काठीच्या मानेस गुंडाळतात. मान अडखळते, तोंड मिटतें, आणि उजव्या हातानें खेळणाराचा चेंडू डावीकडे भलत्याच दिशेनें जातो. मनगटास हिसका बसतो तो वेगळाच. अशा जागीं सुज्ञ खेळाडू ग्रीनचा विचार सोडून देतो, उतरत्या तोंडाची जड काठी घेतो आणि चेंडू कसाबसा फेअरवेवर आणून ठेवतो. एक फटका वांया गेला एवढें तो मुकाट्यानें मान्य करतो.

मध्यंतरीं काठ्यांच्या खांचा इतक्या धारदार निघाल्या कीं गवतांतूनही फिरकी मिळूं लागली, आणि रफचें भय उरेनासें झालें. म्हणून नियम करणाऱ्या दोन्ही संस्थांनीं, म्हणजे अमेरिकेच्या गोल्फ संघानें आणि स्कॉटलंडांतल्या सेंट अँड्र्यूज येथील आर अँड ए नें, २०१० सालापासून वरच्या दर्जाच्या स्पर्धांत त्या खांचांच्या कडांवर आणि आकारावर मर्यादा घातली. केसाएवढ्या खांचेसाठीं जगभर वाद व्हावा हें बाहेरच्या माणसास हास्यास्पद वाटेल. परंतु गवतास त्याची गेलेली धार परत देण्याचा तो प्रयत्न होता.

धंदेवाईक खेळाडूच्या दृष्टीनें ही गंमतीची बाब नव्हे. स्पर्धा बहुधा चार दिवसांची असते. दोन दिवसांनंतर आंकडे मांडतात आणि पहिले पन्नास-साठ खेळाडू ठेवून बाकीच्यांस निरोप देतात. ज्यास निरोप मिळाला त्याच्या हातीं बहुतेक स्पर्धांत एक पैसाही पडत नाहीं. प्रवास, बिऱ्हाड, पिशवी वाहणाऱ्या कॅडीचा मेहनताना, हें सारें त्याच्या पदरचें. आपल्याकडे धंदेवाईक खेळाडूंची जी देशव्यापी संघटना २००६ सालीं उभी राहिली तिच्या स्पर्धांत खेळणारीं कितीतरी मुलें अशा घरांतलीं आहेत कीं जेथें बापानें कॅडी म्हणून किंवा माळी म्हणून याच मैदानांवर आयुष्य काढलें. अशा मुलाचा शुक्रवारीं दुपारीं एक चेंडू हातभर बाहेर गेला आणि गवताच्या बुडाशीं बसला, तर त्याचा एक फटका जातो. आणि पुष्कळ वेळां निरोप मिळणें न मिळणें हें त्या एका फटक्यावरच ठरतें. महिन्याचें घरभाडें एका गवताच्या झुबक्यांत अडकून पडलें असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

म्हणून मैदान मांडणारा जो अधिकारी असतो त्याच्या हातांत मोठी सत्ता असते. फेअरवे किती रुंद ठेवावा, गवत किती वाढूं द्यावें, टी मागें न्यावी कीं पुढें, ग्रीनवरचा खळगा आज कोणत्या कोपऱ्यांत कापावा, ग्रीनवर रूळ किती वेळां फिरवावा, पाणी कधीं बंद करावें, हें सर्व तो ठरवितो. आपल्या शिरूर, खेड, आंबेगांव, जुन्नर या भागांत बैलगाड्यांच्या शर्यतींचे घाट आहेत. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरांत सशर्त परवानगी दिली, आणि २०२३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला. तेथेंही घाट मांडणारे जाणते लोक असतात. चढ कसा असावा, धांव कोठें संपावी, याचा त्यांस विचार असतो; परंतु बैलाच्या वाटेंतले दगड ते वेंचून काढतात. गोल्फच्या मांडणाराचा विचार असा कीं, दगड कोठें टाकले असतां माणूस अधिक शोभेल!

ही कठोरपणाची परंपरा पाहावयाची तर अमेरिकेंत पिट्सबर्गजवळच्या ओकमंटास जावें. लोखंडाच्या धंद्यांत पैसा मिळविलेल्या हेन्री फाउन्स यानें १९०३ सालीं हें मैदान सुरू केलें, आणि वांकडा पडलेला फटका हा परत न मिळणारा फटका असावा, असा त्या घराण्याचा दंडक होता. तेथें १९३५ सालीं अमेरिकन ओपन स्पर्धा झाली तेव्हां जिंकणाऱ्या सॅम पार्क्स यास चार फेऱ्यांत २९९ फटके लागले; तीनशेंच्या आंत येणारा तो एकटाच. ग्रीन इतक्या गुळगुळीत होत्या कीं चेंडू त्यांवरून घसरून बाहेर जात. तें पाहून एडवर्ड स्टिम्प्सन नांवाच्या हौशी खेळाडूनें ग्रीनचा वेग मोजण्याची एक साधी पन्हळ तयार केली. पन्हळ हळूहळू उचलावयाची, ठराविक कोनास आली कीं चेंडू आपोआप सुटतो. तो किती फूट गेला तें मोजावयाचें. अमेरिकेच्या संघानें १९७८ पासून ती मैदानामैदानांस पुरविली, आणि आज सर्व जगांत ग्रीनचा वेग तिनेंच सांगतात.

ओकमंटाचा स्वभाव नव्वद वर्षांत फारसा निवळलेला नाहीं. २०२५ च्या जूनमध्यें तेथें पुन्हां ही स्पर्धा झाली तेव्हां रफ पांच इंचांची होती. शेवटच्या दिवशीं जे. जे. स्पॉन या खेळाडूनें पहिल्या सहा खळग्यांपैकीं पांचांवर एकेक फटका गमावला. मग पाऊस आला, खेळ थांबला, आणि पुन्हां सुरू झाल्यावर त्याच स्पॉननें अठराव्या ग्रीनवर चौसष्ट फुटांवरून चेंडू खळग्यांत घालून स्पर्धा जिंकली. त्याचे फटके पारपेक्षां एकानें कमी. पारच्या खालीं राहिलेला तोच एक.

परंतु गवतानें मनुष्याचें काय होतें याची कथा सांगावयाची तर १९९९ च्या ब्रिटिश ओपनची सांगावी लागते. स्कॉटलंडांत कार्नूस्टी येथें समुद्राकांठीं ही स्पर्धा झाली. त्या वर्षीं तेथील रफ इतकी दाट होती आणि फेअरवे इतके अरुंद कीं नामांकित खेळाडूंनीं उघड कुरकुर केली. शेवटच्या दिवशीं शेवटच्या खळग्याशीं झां व्हान दे व्हेल्द हा फ्रेंच खेळाडू आला तेव्हां तो तीन फटक्यांनीं पुढें होता. त्या खळग्याचा पार चार. त्यानें सहा घेतले असते तरी तो जिंकला असता. पहिला फटका उजवीकडे दूर गेला, पण गवताची जागा बरी मिळाली. येथें एखादा वाणी मनुष्य असता तर त्यानें छोटी काठी घेऊन दोन सोप्या फटक्यांत ग्रीन गांठलें असतें. व्हान दे व्हेल्दनें लांब पल्ल्याची काठी घेतली. चेंडू प्रेक्षकांच्या मांडवाच्या कठड्यावर आदळला, तेथून उलटून बॅरी बर्न या ओढ्याच्या दगडी कांठावर लागला, आणि परत मागें येऊन गुडघाभर गवतांत पडला.

आतांपर्यंत दैवाचा खेळ झाला. पुढचा फटका मात्र शुद्ध गवताचा. काठी त्या गवतांत शिरली, पातीं मानेस गुंडाळलीं, आणि चेंडू निर्जीवपणें उडून पुढच्या ओढ्यांत पडला. मग त्या गृहस्थानें जोडे-मोजे काढले, विजार गुडघ्यापर्यंत वर सारली आणि पाण्यांत उतरून चेंडू तेथूनच मारतां येईल काय याचा बराच वेळ विचार केला. शेवटीं दंडाचा फटका घेऊन चेंडू बाहेर टाकला. पुढचा फटका वाळूच्या खड्ड्यांत गेला. तेथून बाहेर काढून सहा-सात फुटांवरून त्यानें चेंडू खळग्यांत घातला, तेव्हां सात फटके झाले होते. बरोबरी झालेल्या तिघांत आणखी चार खळगे खेळले गेले आणि पॉल लॉरी हा स्कॉटलंडचाच खेळाडू जिंकला. तो सकाळीं दहा फटके मागें होता! त्याचा चार फेऱ्यांचा आंकडा २९०, म्हणजे पारपेक्षां सहानें अधिक.

या प्रसंगीं बहुतेक लोक व्हान दे व्हेल्दच्या अविचारास हंसतात. मला त्यांत दुसरी एक गोष्ट दिसते. चेंडू पहिल्यानें जेथें पडला तेथें गवत जर तसेंच गुडघाभर असतें, तर त्यास विचार करण्याचा प्रसंगच आला नसता. निमूटपणें चेंडू फेअरवेवर काढून तो सहांत घरीं गेला असता. गवत तेथें बरें होतें म्हणून मोह पडला. एकसारखी दाट रफ मनुष्यास शिक्षा करते, पण निवड करावयास लावीत नाहीं. उत्तम खेळाडू आणि मध्यम खेळाडू दोघेही तेथें एकच जड काठी घेऊन एकच फटका मारतात, आणि दोघांतला भेद गवत पुसून टाकतें. दोन-तीन इंचांच्या रफमध्यें दोन वाटा खुल्या दिसतात, आणि त्यांतली कोणती घ्यावी हें ठरवितांना मनुष्याचा कस लागतो. म्हणून मला आखूड रफ ही उंच रफपेक्षां अधिक निष्ठुर वाटते.

या खेळांतल्या जुन्या जाणत्यांचाही असा एक पक्ष आहे. अलिस्टर मॅकेंझी नांवाचा एक डॉक्टर होता. बोअर युद्धांत तो लष्करी वैद्य म्हणून गेला आणि बोअर लोक जमिनीच्या उंचसखलपणांत कसे दडून राहतात याचा अभ्यास करून आला. पुढें वैद्यकी सोडून तो गोल्फचीं मैदानें आंखूं लागला. १९२० सालीं लिहिलेल्या पुस्तकांत त्यानें आदर्श मैदानाच्या लक्षणांत हेंही घातलें आहे कीं, हरवलेला चेंडू शोधण्याचा त्रास तेथें मुळींच नसावा. त्यानें बॉबी जोन्सच्या सहकार्यानें आंखलेलें ऑगस्टाचें मैदान १९३३ सालीं खुलें झालें, आणि तेथें पुढें कित्येक वर्षें रफ म्हणावी अशी रफच नव्हती. फेअरवे रुंद, पण खळगा आज उजवीकडे असेल तर डाव्या अंगानेंच यावें लागे, नाहीं तर ग्रीनचा उतार चेंडूस ठरूं देत नसे. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावरून त्यानें हा धडा घेतला होता. १९९९ सालीं ऑगस्टाच्या चालकांनींही फेअरवेच्या बाहेर थोडें वाढलेलें गवत ठेवावयास सुरुवात केली. मात्र तें दीड इंचाच्याही आंतलें.

अमेरिकेच्या संघानें २००६ सालीं न्यूयॉर्कजवळ विंग्ड फूट येथें मधला मार्ग काढला. फेअरवेच्या लगत आखूड गवत, त्यापलीकडे उंच, आणि त्याहीपलीकडे आणखी उंच, अशा पायऱ्या केल्या. म्हणजे जो थोडा चुकला त्यास थोडी शिक्षा आणि जो फार चुकला त्यास फार. न्यायाच्या दृष्टीनें ही व्यवस्था मला फार योग्य वाटते. त्या वेळीं फिल मिकल्सन शेवटच्या खळग्याशीं एका फटक्यानें पुढें होता. दिवसभरांत चौदांपैकीं अवघ्या दोन फेअरवेंवर त्याचा चेंडू पडला होता, तरी त्यानें सर्वांत मोठी काठी उचलली. चेंडू डावीकडे तंबूंवर गेला, दोन फटके वांया गेले आणि स्पर्धा जेफ ऑगिल्व्ही जिंकला.

आणि मग १४ वर्षांनीं त्याच मैदानावर सर्व तत्त्वज्ञान उलटें झालें. २०२० सालीं, महामारीमुळें प्रेक्षकांवांचून झालेल्या त्या स्पर्धेंत ब्रायसन डिशॅम्बो नांवाच्या दांडग्या खेळाडूनें असा हिशेब केला कीं, फेअरवे इतके अरुंद आहेत तर सर्वांचेच चेंडू गवतांत जाणार. मग आपण शक्य तितका लांब मारून गवतांतच जावें, म्हणजे पुढचा फटका जवळचा आणि छोट्या काठीचा उरेल. छोट्या काठीचें तोंड अधिक उतरतें असतें, ती गवतांतून सुटते. छप्पन्न फेअरवेंपैकीं तो केवळ तेवीसांवर होता. तरी पारपेक्षां सहा कमी करून सहा फटक्यांनीं जिंकला. दुसरा कोणीही पारच्या आंत राहिला नाहीं. वाट अतिशय अरुंद केली तर सरळ चालणाराचा लाभ होत नाहीं, दांडगाईचाच होतो, हा अनुभव मांडणाऱ्यांस त्या दिवशीं आला.

आपल्या देशाकडे येतांना थोडा इतिहास सांगितला पाहिजे. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा. ब्रिटनच्या बाहेर इतका जुना दुसरा नाहीं. मुंबईंत १८४२ सालीं गोल्फ आला, विलिंग्डन क्लब १९१८ सालीं निघाला, आणि चेंबूरचें प्रेसिडेन्सी मैदान १९२७ चें. इंडियन ओपन स्पर्धा १९६४ सालीं सुरू झाली. ती प्रथम ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉम्सननें जिंकली. पुढल्याच वर्षीं पी. जी. सेठी या हौशी खेळाडूनें ती घेतली, परंतु धंदेवाईक भारतीयाच्या हातीं ती येण्यास १९९१ साल उजाडावें लागलें. ते अली शेर. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून त्यांनीं काम केलें होतें.

आमच्या बाजूच्या मैदानांवर रफचा स्वभाव ऋतूबरोबर पालटतो. मृगाच्या सरींनंतर हरळी दिवसा-दिवसानें वाढते. कापणाराचा हात जरा आंखडला कीं रफ दाट होते, आणि मऊ भुईंत चेंडू रुततो तो वेगळाच. चैत्रांत तेंच गवत विरळ होऊन भुई कठीण होते. तेव्हां चेंडू रफमध्यें थांबतच नाहीं, उड्या मारीत झाडांत जातो. पाश्चात्त्यांच्या ठरीव इंचांची येथें नक्कल करावयाची तर उन्हाळाभर रफलाही पाणी पाजावें लागेल, आणि ज्या जिल्ह्याच्या पूर्वेस शिरूर-दौंडासारखे तालुके पाटाच्या पाळीची वाट पाहत असतात तेथें असला हट्ट शोभत नाहीं. पाणी ग्रीनपुरतें आणि टीपुरतें ठेवावें. रफ पावसावर सोडावी. मारवेल, पवन्या अशीं आपल्या माळावरचीं गवतें उन्हांत वाळून उभीं राहतात, आणि वाळल्या काडींतून चेंडू मारणें हीही कांहीं कमी परीक्षा नव्हे. कुसळी मात्र नको. कॅडीच्या पायांची दया आली पाहिजे.

पुण्याचा आणि या खेळाचा संबंध आतां येरवड्यापुरता राहिलेला नाहीं. श्री. अनिर्बन लाहिरी यांचा जन्म १९८७ सालीं पुण्यांत झाला. पुण्यास राहणारे श्री. उदयन माने २०२१ सालीं झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्यें त्यांच्याबरोबर भारतातर्फे खेळले. या लाहिरींनीं २०१५ ची इंडियन ओपन दिल्लीच्या लोदी मैदानावर जिंकली, आणि तीही शेवटच्या दिवशीं सात फटक्यांनीं मागें असतांना. ज्यांस त्यांनीं गांठलें व बरोबरीनंतरच्या जादा खळग्यावर हरविलें, ते श्री. शिव शंकर प्रसाद चौरासिया.

त्या लोदी मैदानाची रफ इंचांत मोजण्यासारखी नव्हती. फेअरवेच्या दोन्ही बाजूंस कांटेरी झुडपांचें रान; चेंडू आंत गेला तर फटका मारणें दूरच, हात घालून तो काढणेंही कठीण. अशा जागीं आपल्याकडे आगेवाल्याचें काम फार मोलाचें असतें. खेळाडूच्या पुढें दोनशें यार्डांवर उभें राहून चेंडू कोठें उतरतो हें पाहावयाचें, आणि गवतांतली ती जागा नजरेनें धरून ठेवावयाची. माळावर चुकलेलें कोंकरूं शोधणारा धनगर जसा दोन झाडांची रेघ मनांत धरतो तसाच हा धरतो. शोधण्यास पूर्वीं पांच मिनिटें मिळत, २०१९ पासून तीनच मिळतात. चेंडू नाहीं सांपडला तर दंड भरून पुन्हां टीवर जावें लागतें. तेथें मोठमोठे परदेशी मल्ल आपली मोठी काठी पिशवींतच ठेवून देत.

श्री. चौरासिया यांचे वडील कलकत्त्याच्या मैदानावर माळी होते. अंगकाठी लहान, फटका आखूड. परंतु सरळ, आणि ग्रीनच्या आसपास हात असा कीं चेंडू जणूं सांगितलेलें ऐकतो. लांब मारणारांच्या रुंद मैदानांवर त्यांस फारसें यश मिळालें नाहीं. लोदीच्या अरुंद वाटांत मात्र त्यांनीं २००८ सालीं परदेशी नामवंतांस मागें टाकून मोठी स्पर्धा जिंकली, आणि २०१५ च्या पराभवानंतर बरोबर एका वर्षानें, २०१६ सालीं, त्याच मैदानावर इंडियन ओपन घेतली. त्या वेळीं मागें राहिलेल्यांत लाहिरीही होते. पुढल्या वर्षीं स्पर्धा गुरुग्रामच्या नव्या मैदानावर गेली. तें गॅरी प्लेअरनें आंखलेलें, लांबरुंद, खोल खड्ड्यांचें आणि वांकड्यातिकड्या ग्रीनचें. तेथें झुडपांचा आधार नाहीं, तेव्हां आतां चौरासियांचें चालावयाचें नाहीं, असें कोणास वाटलें असेल तर त्यांत नवल नव्हतें. चार दिवस संपले तेव्हां त्यांच्या नांवापुढें पारपेक्षां दहा कमी असा आंकडा होता, आणि दुसरा आलेला मलेशियाचा गॅव्हिन ग्रीन सात फटक्यांनीं मागें होता.